पाणी टोकाला पोचेपर्यंत

तवनाप्पा मगदुमांनी एका बुधवारी सकाळी मेथी लावायचं ठरवलं. झालं एवढंच. (बापमाणसं सकाळच्या चहानंतर असलं काहीतरी साधंसुधं ठरवतात आणि निस्तरायला पोरांची उमर जाते. ह्यांचं त्या मानानं लवकर निस्तरलं.)

तवनाप्पा शिरोळचे. नदीकाठची सात एकर मळीची जमीन, सगळा ऊस. पण मेथी लावायची होती ती जागा शिरोळात नव्हती. ती होती राजस्थानात, वाळवंटाच्या मधोमध कुणीतरी विसरून गेल्यासारख्या पडलेल्या एका लहानशा गावात, एका निवृत्त मास्तरांच्या परसात. मास्तरांच्या माडीवरच्या खोलीत तवनाप्पांचा मुलगा सम्मेद भाड्यानं राहायचा.

सम्मेदनं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. गणिताचा तिसरा पेपर चार वेळा दिला आणि चारही वेळा पेपरच जिंकला. मग वर्षभर तो घरी होता, आणि त्या वर्षभरात गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं त्याला फुकट सल्ला दिला. तवनाप्पांनी सल्ला दिला नाही. त्यांनी फक्त ट्रॅक्टरची चावी करदोट्याला बांधून टाकली. "ज्याला पेपर सुटत न्हाय त्याला गिअर काय सुटणार?" असं ते पारावर सगळ्यांच्या देखत म्हणायचे आणि पार हसायचा. शेवटी सम्मेद एका मित्राच्या ओळखीनं इथं वाळवंटात सोलरच्या प्लांटवर आला. आधी काचा पुसल्या, आता बारा इन्व्हर्टर एकटा सांभाळतो. तवनाप्पा ह्याला 'ऊन गोळा करायची नोकरी' म्हणायचे.

आणि आता ते स्वतः पद्मावतीबाईंना घेऊन, शाहूपुरीत घेतलेली नवी बॅग, पाच किलो गूळ आणि तीन किलो चटणी घेऊन, कोल्हापुरातनं तीन गाड्या बदलून इथं आले होते. आठ दिवसांसाठी. पोराला डोळा भरून बघायला, असं पद्मावतीबाई म्हणत होत्या. तवनाप्पांनी मात्र परतीची तिकिटं तीन काढली होती.

पहिल्याच दिवशी ते दुपारी एक वाजता बाजारात गेले. सगळी दुकानं बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. वाळूवरनं उन्हाच्या वाफा अशा हलत होत्या की समोरची बंद शटरं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. तवनाप्पांनी विचार केला, गाव बंद म्हणजे कुणीतरी मोठं माणूस गेलं. त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि चौकात दोन मिनिटं उभे राहिले. मग एका पायरीवर आडव्या झालेल्या माणसाला हळूच विचारलं, "पावणं, कौन गया?"

माणसानं एक डोळा उघडला. "कोई नहीं गया. सब सोये हैं. चार बजे आना."

(दुपारी चार तास आख्खं गाव झोपतं हे तवनाप्पांना पटलं नाही. स्वतः ते बांधावर रोज सहा तास झोपतात, पण त्याला ते शेती म्हणतात.)

चार वाजता ते परत गेले. किराणा दुकानात शेठ गादीवर बसला होता. कपाळावर केशराचा टिळा, मागं देवाचा फोटो. तवनाप्पांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

"शेठ, हम भी जैन है."

शेठ खूश झाला. चहा मागवला. "कहाँ के?"

"कोल्हापूर. शिरोळ."

"अच्छा, अच्छा. किसका धंधा है?"

"धंदा नाय. खेती."

शेठनं हातातलं वजन खाली ठेवलं. "जैन... और खेती?"

"व्हय की! सात एकड गन्ना. बापजादे से."

शेठनं आतून पुतण्याला हाक मारली, बायकोला हाक मारली. सगळी बाहेर येऊन तवनाप्पांकडं बघायला लागली. पुतण्यानं तर फोटो काढला. तवनाप्पांना वाटलं, मान मिळाला. त्याच तोऱ्यात त्यांनी ताजी भाजी मागितली.

भाजीचा ट्रक इथं फक्त शनिवारी येतो आणि तासाभरात रिकामा होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. शेठनं वाळलेल्या काळ्या शेंगांचं पोतं दाखवलं. भाव ऐकून तवनाप्पा म्हणाले, "एवढ्यात आमच्यात चुलीला गाडीभर काटक्या येतात." मग त्यांनी मेथी मागितली. शेठनं मेथीचं पाकीट पुढं केलं. आत वाळलेला, चुरगळलेला पाला.

तवनाप्पांनी पाकीट नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. "शेठ, ये मर गयी है."

तीन दिवस हेच. सम्मेद डाळ करायचा, बट्ट्या करायचा, दही लावायचा. पद्मावतीबाई शेजारणीकडनं त्या काळ्या शेंगांची भाजी शिकून आल्या आणि ती झालीही झकास. पण तवनाप्पांनी ताटाकडं बघून उसासा सोडायचा नेम सोडला नाही.

"ह्येला जगणं म्हंत्यात व्हय?" ते म्हणायचे. "हिरवं काय दिसंना डोळ्याला. चल की घरला. तिकीट काढलंय तुझं."

"आप्पा, मला हितं बरं वाटतंय."

"काय बरं हाय हितं? वाळू?"

सम्मेद त्यांच्या ताटात आणखी एक बट्टी वाढायचा. (बापाला खरं उत्तर द्यायचं म्हणजे आधी त्यानं ऐकायला बसावं लागतं, आणि तवनाप्पा आयुष्यात कुणाचं ऐकायला बसले असतील तर दाढी करताना न्हाव्याचं.) खरं उत्तर दाराआड खिळ्याला टांगलेलं होतं. ती होती टाक्याची चावी.

मास्तरांच्या परसात जमिनीखाली गोल टाकं होतं. पावसाळ्यात छपरावर पडलेला थेंब न थेंब पन्हाळीतनं त्यात उतरायचा. इथं चार दिवसाआड नळाला जे पाणी येतं ते खारं, आंघोळीला, धुण्याला. प्यायचं गोड पाणी एवढंच, वर्षातनं एकदा येणारं. म्हणून टाक्याला लोखंडी झाकण आणि झाकणाला भलंमोठं कुलूप. यंदा मास्तरांनी जपून जपून आठ फूट पाणी राखलं होतं, कारण पंधरा दिवसांवर नातीचं लग्न होतं. आणि दोन दिवस साड्या-दागिन्यांच्या खरेदीला जोधपूरला जाताना मास्तरांनी टाक्याची चावी सख्ख्या भावाला दिली नाही, शेजाऱ्याला दिली नाही. सम्मेदला दिली. "रोज दोन घडे पड़ोसन को देना, पापड़ के लिए," एवढंच म्हणाले.

सम्मेदच्या हातात कुणी चावी ठेवायची ही चोवीस वर्षांतली पहिली वेळ.

ती चावी तो बापाला दाखवणार होता. तसं त्यानं बुधवारी सकाळी कामावर निघताना दाखवलीही.

"आप्पा, ही टाक्याची चावी. मास्तरांनी माझ्याकडं दिलीया. लग्नाचं पाणी हाय त्यात. अव्वा दोन घागरी काढंल, बाकी कुणी हात लावायचा न्हाय."

"बरं."

"मोटर हाय तितं, मीच बसवून दिलीया मास्तरीणबाईंना, पण ती लावायची न्हाय."

"व्हय रं. मला काय मोटर शिकवतोस?"

सम्मेद गेला. पद्मावतीबाई दोन घागरी काढून शेजारी लग्नाचे पापड लाटायला गेल्या. तवनाप्पा परसातल्या बाजेवर बसले, चहा प्याले, आणि समोरच्या साठ फूट मोकळ्या वाळूकडं त्यांचं लक्ष गेलं. एवढी जागा! पडून! पोराच्या ताटात हिरवं पान नाही आणि जागा पडून! चार दिवसांत मेथी वर येईल, पोरगं एक घास खाईल, त्याला घर आठवेल आणि ते मुकाट्यानं तिसऱ्या तिकिटावर बसेल.

शेठकडनं पाव किलो मेथ्या आणल्या. ("घुटनों में दर्द है?" असं शेठनं आपुलकीनं विचारलं.) मास्तरांचं फावडं घेतलं. आता मेथीला वाफे करतात, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तवनाप्पांचा हात चाळीस वर्षं उसाला बसलेला. त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत साठ फुटांच्या दोन सरळसोट सऱ्या ओढल्या, मेथ्या फेकल्या आणि मागं होऊन बघितलं. फार सुंदर दिसत होत्या. वाळवंटात कुणीतरी शिरोळची दोन वाक्यं लिहावीत तशा.

आणि पेरलं की पाणी द्यायचं. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

त्यांनी स्वतःला बजावलं, 'नुसती ओल दाखवायची.' दाराआडची चावी काढली. कुलूप उघडलं. पाइप सरीच्या तोंडाला लावला. बटण दाबलं. मोटर घुमायला लागली, आणि तो आवाज कानावर पडताच तवनाप्पांच्या अंगातली तीन गाड्यांची, चार दिवसांची सगळी आबदा उतरली. तो आवाज त्यांचा होता. जगात कुठंही मोटरचा आवाज आला की तवनाप्पा मळ्यात असतात.

आता उसाला पाणी पाजायची एक रीत असते. मोटर चालू करायची, बांधावर आडवं व्हायचं, आणि पाणी सरीच्या टोकाला पोचलं की उठून बारं मोडायचं, म्हणजे वाट फिरवून पुढच्या सरीला लावायचं. पाणी पोचलं की आतून कळतं. चाळीस वर्षांत तवनाप्पांनी घड्याळ वापरलं नव्हतं. ते कडुनिंबाखाली बाजेवर आडवे झाले.

थोड्या वेळानं एक डोळा उघडून बघितलं. पाणी चार फूट गेलं होतं.

"येतंय," ते म्हणाले आणि डोळा मिटला.

वारा सुटला होता. वाळू भिंतीवरनं चाळल्यासारखी झिरपत होती, निंबाची सावली चेहऱ्यावर येत होती, जात होती. मोटर घुमत होती. तवनाप्पांना दिसलं, पाणी सरीतनं चाललंय. पुढं त्याचं ते मऊ, फेसाळ तोंड, वाळकी पानं उचलत, मुंग्यांना वळसा घालत. सरी संपली तरी ते थांबेना. फाटकातनं बाहेर पडलं, गल्लीतनं बाजारात गेलं. बंद शटरांवर चढलं. उंट गुडघाभर पाण्यात उभे होते आणि आपली लांबलचक सावली बघत होते. शेठ छपरावर बसून टिळा सांभाळत ओरडत होता, आणि तवनाप्पा पुरातल्या नावेतनं त्याला मेथीची जुडी देत होते, ताजी, दव पडलेली. शेजारी सम्मेद वल्हं मारत होता. सगळीकडं ऊस उगवला होता, तुऱ्यावर आला होता, आणि पांढरे तुरे वाऱ्यावर असे झुलत होते की वाळवंट कुठं संपतं आणि शिरोळ कुठं लागतं ते कळत नव्हतं. सम्मेद म्हणाला, "आप्पा, घरला जाऊया." आप्पांनी करदोट्याची गाठ सोडायला हात घातला...

मोटर किंचाळायला लागली.

तवनाप्पा उठले. ऊन डोक्यावर आलं होतं. मोटर हवा ओढत होती. त्यांनी बटण बंद केलं आणि सरीकडं बघितलं.

पाणी नऊ फुटांवर होतं. तिथं एक ओला डाग होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तोही आत चालला होता. वाळू इतकी शांतपणे पीत होती की आवाजसुद्धा नाही. पाच तास ती अशीच पीत होती.

तेवढ्यात शेजारीण आणि पद्मावतीबाई पिठाच्या हातांनी आल्या. "दोन घागरी कमी पडल्या, आणि एक काढूया," असं म्हणत पद्मावतीबाईंनी झाकण उघडं बघितलं, बादली सोडली. दोरी गेली, गेली, गेली. आणि खालून आवाज आला: ठण्ण.

शेजारणीनं तोंडावर हात ठेवला. पद्मावतीबाई हळूहळू नवऱ्याकडं वळल्या.

"ओ. काय केलासा?"

तवनाप्पांनी सरीच्या लांबच्या टोकाकडं हात केला. "अजून पोचलं न्हाय," ते म्हणाले.

साडेतीनच्या बसनं मास्तर आणि मास्तरीणबाई आले. हातात पिशव्या, पिशव्यांत लाल साड्या. गल्लीतल्या बायका आधीच भिंतीवर जमल्या होत्या. मास्तर टाक्याशी गेले. वाकून आत बघितलं. वर बघितलं. सऱ्या बघितल्या. मग शांतपणे विचारलं, "कितने बजे शुरू किया?"

"आठ बजे."

"और खाली कब हुआ?"

"एक बजे."

मास्तर पायरीवर बसले. "पाँच घंटे," ते म्हणाले. "अड़तीस साल बच्चों को यही सवाल दिया. टंकी कितने घंटे में खाली होगी. आज पहली बार किसी ने करके दिखाया."

तवनाप्पांनी खिशात हात घातला. "मास्तर, टँकर मागवतो. दोन मागवतो. पैसा मैं देता."

"टैंकर का पानी खारा है, आप्पाजी. यह बरसात का था. बरसात कहाँ से मँगवाओगे?"

तवनाप्पांचा हात खिशातच राहिला. दर ऑगस्टला ज्या पावसाला ते दारात उभं राहून आईबापावरनं शिव्या देतात, जो पूर होऊन त्यांच्या घरात कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत चढून येतो, तो इथं कुणी विकत देत नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदा, दाढी करायची नसताना, तवनाप्पा कुणाचं तरी ऐकायला बसले. (सम्मेदनं तो दिवस बघायला हवा होता. पण तो ऊन गोळा करत होता.)

तो पाच वाजता आला. फाटकातच त्याला सगळं दिसलं: उघडं झाकण, पाइप, सऱ्या, आणि बाजेवर नवी नवरी बसावी तसा खाली मान घालून बसलेला बाप. तो बापाला वळसा घालून टाक्याशी गेला. कुलपात अडकलेली चावी काढली आणि मास्तरांपुढं धरली.

"चाबी मेरे पास थी, माड़साब. गलती मेरी. कमरा कल खाली करता हूँ."

तवनाप्पांनी मान वर केली. "आरं, तू कुठं हुतास? मी केलंय की—"

"आप्पा, तुम्ही गप बसा."

आणि तवनाप्पा गप्प बसले.

मास्तरांनी चावीकडं बघितलं. सम्मेदकडं बघितलं. त्याची मूठ मिटवून परत त्याच्याच छातीशी ढकलली. "कमरा खाली करोगे तो मोटर कौन सुधारेगा? रखो. बस, पिताजी को मत देना."

भिंतीवरची पहिली बाई हसली. मग सगळी गल्ली हसली. आणि मग ती शेजारीण घरात गेली, आपल्या टाक्याचं कुलूप काढलं आणि डोक्यावर घागर घेऊन आली. टाक्यात ओतली. तिच्यामागं दुसरी. दिवस मावळेपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरातनं एक-एक घागर येत राहिली. लाल, पिवळ्या ओढण्या आणि त्यांच्यावर डुचमळणारं ऊन, रांगेनं, गाणं म्हणत. कुणी हिशेब केला नाही. पद्मावतीबाई रांगेत मिसळून गेल्या. तवनाप्पांनी घागर उचलायला हात पुढं केला तर शेजारणीनं ती झटकन मागं घेतली. त्यांना बाजेवर बसायचं काम दिलं.

शेवटी शेठ आला. त्याच्या टाक्यातलं पाणी ड्रममध्ये भरून, छोट्या टेम्पोतनं. ड्रम रिकामे झाल्यावर त्यानं हात पुसले, तवनाप्पांच्या शेजारी बाजेवर बसला आणि मायेनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अब समझ में आया, आप्पाजी," तो म्हणाला, "हमारे यहाँ जैन खेती क्यों नहीं करते."

तिसरं तिकीट वाया गेलं. सम्मेद स्टेशनवर सोडायला आला होता. गाडी हलताना तवनाप्पांनी करदोट्याशी चाळा केला, काहीतरी सोडल्यासारखं, पण गाठ जुनी होती आणि गाडी वेळेवर सुटली.

महिन्याभरानं फोन आला. "आप्पा, मेथी आलती."

तवनाप्पा ताठ झाले. फोन लाउडवर टाकला. "किती आली?"

"नऊ फूट. त्यातली साडेआठ शेळीनं खाल्ली. एक जुडी ऱ्हायली. मास्तरांनी ती लग्नात मांडवाला बांधली. वऱ्हाडी विचारायचे, ही काय रीत? तर मास्तर तुमची गोष्ट सांगायचे. दोन दिवस लोक हसत हुती. लग्न लई झकास झालं."

तवनाप्पांनी पारावर सांगितलं, "वाळवंटात मेथी पिकवून आलोय. मांडवाला बांधली माझी मेथी." गोष्टीचा बाकीचा भाग त्यांनी सांगितला नाही. तो पद्मावतीबाईंनी आधीच सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायचं होतं. तवनाप्पांनी मोटरच्या पेटीची चावी खुंटीला शोधली. नव्हती.

"अगं, चावी कुठं हाय?"

"माझ्याकडं हाय," पद्मावतीबाई आतून म्हणाल्या. "चला, मी येते."

मळ्यात गेल्यावर पद्मावतीबाईंनी स्वतः पेटी उघडली, मोटर चालू केली, चावी पदराला बांधली. आणि तवनाप्पांना सरीच्या लांबच्या टोकाला उभं केलं. "पाणी पोचलं की हाक मारा." हे काम शिरोळात दुसरी-तिसरीतल्या पोरांना देतात.

तवनाप्पा उभे राहिले. वारा सुटला होता, ऊस सळसळत होता, मोटर लांबून घुमत होती. पाणी आलं. ते मऊ, फेसाळ तोंड पानं उचलत आलं आणि त्यांच्या अंगठ्याला लागलं. तवनाप्पांचं मन भरून आलं.

"पोचलं!" त्यांनी हाक मारली.

उत्तर नाही.

"अगं ए, पोचलं! पोचलं की!"

पाणी घोट्यावर आलं. तवनाप्पांनी टाचा उंच करून बघितलं. लांब बांधावर, जांभळीच्या सावलीत, चावीची गाठ मुठीत घट्ट धरून पद्मावतीबाई गाढ झोपल्या होत्या.